कॅमोमाइलची पिवळी बाटली: खरी की खोटी, आणि घरात कुणाला चालेल

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी ऑनलाइन मागवलेली १० मिलीची कॅमोमाइल तेलाची बाटली आली, पण तेल पिवळसर निघालं. व्हिडिओत तर गडद निळं दाखवतात, मग ही बाटली खोटी का? शिवाय हे तेल तिघांना वापरायचं आहे: रात्री झोप लागत नाही म्हणून स्वतःला, गुडघेदुखीसाठी सासूबाईंना (व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे) आणि दात येताना किरकिरणाऱ्या सात महिन्यांच्या बाळाला. कुणाला किती आणि कसं द्यायचं?

ताई, आधी जे करायचं नाही ते सांगणं गरजेचं आहे. बाळाच्या हिरडीला हे तेल लावू नका, गुटीतही घालू नका. सासूबाईंच्या गुडघ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. तुम्हाला स्वतःला मात्र यातून थोडाफार आराम मिळू शकतो. कारणं पुढे येतीलच.

आता बाटलीकडे येऊ. कॅमोमाइल या एका नावाखाली बाजारात चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि बहुतेक घोटाळे एकीचं प्रमाण दुसरीला लावल्यामुळे होतात. पहिलं जर्मन कॅमोमाइल. लेबलवर मॅट्रिकेरिया कॅमोमिला किंवा मॅट्रिकेरिया रेक्युटिटा असं लिहिलेलं असतं, दोन्ही नावं एकाच झाडाची. वाफेवर काढलेलं याचं तेल गडद निळं, जरा दाट आणि वासाला जड असतं. निळेपणा येतो कॅमॅझुलिनमुळे, आणि हे द्रव्य ताज्या फुलात नसतंच. फुलात असतं मॅट्रिसिन, ज्याला रंग नाही. भट्टीतल्या वाफेच्या उष्णतेत ते मोडतं आणि कॅमॅझुलिन तयार होतं. म्हणूनच फुलं तेलात मुरवून घरी केलेलं तेल निळं होत नाही. ते निळं झालं नाही म्हणजे बिघडलं असं समजून कुणी फेकून देऊ नये.

दुसरं रोमन कॅमोमाइल, कॅमेमेलम नोबाइल, जुन्या लेबलांवर अँथेमिस नोबिलिस. याचं तेल फिकट पिवळं असतं, ताजं असताना कधी त्यात निळसर झाक दिसते, आणि वास पिकल्या सफरचंदाच्या जवळचा, गोड. तेव्हा तुमचं तेल पिवळं आहे एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही. कदाचित ते रोमन असेल. उलट निळं दिसलं म्हणजे जर्मनच, हेही खरं नाही. ब्लू टॅन्सी नावाच्या वेगळ्याच झाडाचं तेल तितकंच निळं असतं. मोरोक्कन कॅमोमाइल म्हणून विकलं जाणारं तेलसुद्धा तिसऱ्याच झाडाचं असतं. म्हणून रंगापेक्षा लेबलवरचं शास्त्रीय नाव बघा. ते नाव नसेल आणि नुसतं ‘कॅमोमाइल ऑइल’ लिहिलेलं असेल, तर ती बाटली अंगाला लावायच्या कामाची नाही असं धरून चाला.

तिसरी वस्तू म्हणजे बाबूना तेल, युनानी वैद्यकातलं रोगन बाबूना. फुलांचा गुण तिळाच्या तेलात उतरवून केलेलं हे साधं मालिशचं तेल. आपल्या सीमाभागात हकीम आणि काष्ठौषधीचे दुकानदार कॅमोमाइल म्हटल्यावर पटकन ओळखतीलच असं नाही, पण बाबूना म्हटलं की ओळखतात. हे तळहातावर ओतून थेट चोळायचं असतं. अर्क तेल, म्हणजे वाफेवर काढलेलं पहिल्या दोन प्रकारचं दाट तेल, मात्र थेंबाने मोजायचं असतं. हाच फरक लोक विसरतात. चौथी वस्तू म्हणजे नुसता सेंट, प्रयोगशाळेत जुळवलेला सुवास. तो मेणबत्तीत घाला हवा तर, अंगाला नको.

किंमत हा एक चांगला इशारा आहे. सुक्या फुलांतून तेलाचा उतारा साधारण पाव टक्क्यापासून फार तर पावणेदोन-दोन टक्क्यांपर्यंत मिळतो, म्हणजे शंभर किलो फुलांतून बऱ्याचदा अर्धा-पाऊण किलोच. शिवाय निळा, जड भाग भट्टीत उशिरा उतरतो, त्यामुळे आच फार वेळ धरावी लागते. गवती चहाची भट्टी बघितलेल्यांना हा खर्च लगेच कळेल. १० मिली शुद्ध तेल दोनशे रुपयांत मिळत असेल, तर त्यात बहुतांश दुसरंच काही आहे. काही प्रामाणिक कंपन्या खोबरेलासारख्या तेलात पातळ करून विकतात आणि तसं लेबलवर लिहितात. त्याला हरकत नाही, फक्त मग थेंबांचा हिशोब बदलतो.

घरी दोन चाचण्या करता येतात. पांढऱ्या कोऱ्या कागदावर एक थेंब टाका, शेजारी खोबरेलाचा एक थेंब टाका आणि कागद सावलीत ठेवा. दोन दिवसांनी उजेडासमोर धरून बघा. खोबरेलाचा डाग आरपार तेलकट दिसेल. तुमच्या थेंबाचाही तसाच दिसला तर त्यात खायचं तेल मिसळलेलं आहे. जर्मन तेल हळू उडतं आणि निळसर खूण मागे ठेवतं, त्या खुणेला फसू नका, कागद पारदर्शक झालाय का तेवढं बघायचं. दुसरी चाचणी म्हणजे पेलाभर पाण्यात दोन थेंब. शुद्ध तेल वर तरंगत राहील. ढवळल्यावर पाणी दुधाळ होऊन तसंच राहिलं, तर पाण्यात विरघळणारं काहीतरी घातलंय. या चाचण्यांतून ढोबळ भेसळ कळते. हुशारीने केलेली भेसळ प्रयोगशाळेशिवाय पकडता येत नाही.

बाटली रोमनची निघाली असं धरून तुमच्या झोपेचं बघू. वासासाठी एवढंसं तेल पुरतं की लोकांचा विश्वास बसत नाही आणि ते जास्त ओततात. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून तो उशीपासून हातभर लांब, बशीत ठेवा. उशीच्या खोळीवर थेट नको, कारण झोपेत गाल किंवा पापणी त्यावर घासते. विजेचा डिफ्यूझर (पाण्याबरोबर सुवास हवेत सोडणारं यंत्र) असेल तर शंभर मिली पाण्यात दोन-तीन थेंब, झोपण्याआधी अर्धा तास, मग बंद. रात्रभर चालू ठेवलेल्या डिफ्यूझरमुळे सकाळी डोकं जड होतं, विशेषतः आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये, जेव्हा पावसामुळे खिडक्या बंद असतात. घरात कुणाला दमा असेल तर त्या खोलीत हे करूच नका. बाळ तुमच्याजवळ झोपत असेल तर डिफ्यूझर नकोच. कापूस, तोही तुमच्या बाजूला, बाळाच्या हाताला लागणार नाही असा.

अंगाला लावायचं असेल तर मोजायची सोपी रीत अशी: ५ मिली गोड्या तेलाला एक थेंब म्हणजे साधारण एक टक्का. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं टोपण वापरा. मोठ्या माणसाच्या मानेला, खांद्यांना, तळपायांना एक ते दोन टक्के पुरे, चेहऱ्याला अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नका. मिसळायला घाण्याचं तीळतेल किंवा खोबरेल चांगलं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावकडे खोबरेल गोठतं, तेव्हा ते आधी कोमट पाण्यात ठेवून पातळ करा आणि मग थेंब टाका. गोठलेल्या तेलावर टाकलेला थेंब एकाच जागी राहतो आणि पहिल्याच बोटाला सगळा तिखटपणा लागतो. अंघोळीच्या बादलीत थेंब टाकायचा सल्ला व्हिडिओत सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि न पातळ होता अंगाला चिकटतं. आधी चमचाभर तेलात मिसळून टाकलं तर त्वचा वाचते, पण न्हाणीघरातली फरशी निसरडी होते, हेही लक्षात असू द्या.

पण ताई, झोपेसाठी तुम्ही मला तेल की चहा असं विचाराल, तर उत्तर चहा असं आहे. कॅमोमाइलबद्दल जे थोडेफार चांगले अभ्यास झालेत ते तेलाच्या वासावर नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये चिंताविकाराच्या रुग्णांवर झालेले अभ्यास फुलांच्या अर्काच्या कॅप्सूलवर होते. लक्षणं कमी झाली, पण २०१६ च्या अभ्यासात त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाण ठोसपणे कमी झालेलं दिसलं नाही. या फुलातलं एपिजेनिन नावाचं द्रव्य त्यात महत्त्वाचं मानतात, आणि ते वाफेबरोबर येत नाही. म्हणजे बाटलीतल्या तेलात ते नसतंच. पोटातल्या मुरड्यासाठी आणि गॅससाठी युरोपात परंपरेने जे वापरतात तेही फुलांचा चहाच, तेल नव्हे. तेलाचा थेंब पोटात घेऊन ते काम होत नाही.

चहा आपल्या दुधाच्या चहासारखा उकळायचा नाही. सुकी फुलं तीन ग्रॅम, म्हणजे साधारण मोठा चमचाभर, कपात घ्या. उकळून खाली उतरवलेलं दीडशे मिली पाणी त्यावर ओता आणि लगेच बशी झाका. दहा मिनिटांनी बशी उचलली की तिच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील, ते पुन्हा कपात झटका. त्यातच सुगंधी भाग असतो, आणि कप उघडा ठेवला तर तो स्वयंपाकघरात उडून जातो. मग गाळून झोपायच्या तासभर आधी प्या. झोपेची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, गुंगी वाढू शकते. गरोदर असाल तर हे सगळंच बाजूला ठेवा.

फुलं विकत घेताना एक फूल नखाने उभं चिरून बघा. मधला पिवळा भाग शंकूसारखा वर आलेला आणि आतून पोकळ असेल तर ते जर्मन. भरीव असेल तर रोमन किंवा त्याच कुळातलं दुसरं काहीतरी. बाबूना म्हणून इतर बारीक फुलंही खपवली जातात, त्यांतली काही त्वचेला बरीच दाहक असतात. वासाला कुबट किंवा घाण येणारी फुलं घेऊ नका.

सासूबाईंचं कारण आता सांगता येईल. २००६ मध्ये कॅनडात वॉर्फरिन या रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंना शरीराच्या आत रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. त्या कॅमोमाइलचा चहा पीत होत्या आणि कॅमोमाइलचं लोशनही लावत होत्या. एका रुग्णावरून नियम ठरत नाही. पण व्हॉल्व्ह बसवलेल्या माणसाचं आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारं तपासणीचं माप) थोडंसं हललं तरी त्याची किंमत फार मोठी असते, आणि गुडघ्याला तेल लावून मिळणारा फायदा तेवढा मोठा नाही. इराणमध्ये २०१५ मध्ये गुडघ्यांच्या संधिवातावर बाबूना तेल लावून बघितलं गेलं. तेल लावणाऱ्यांना वेदनाशामक गोळी कमी लागली, पण गुडघ्याच्या दुखण्याच्या, ताठरपणाच्या मापात ठळक फरक आढळला नाही. म्हणून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत त्यांना नुसतं कोमट तीळतेल लावा, आणि तेही जोरात रगडू नका. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या अंगावर दाबाने काळेनिळे डाग उठतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू नसलेल्या, नुसत्या सांधेदुखीच्या माणसासाठी बाबूना तेल घरी करता येतं. सुकी जर्मन फुलं ४० ग्रॅम आणि घाण्याचं तीळतेल ३०० मिली घ्या. फुलं बोटांत चुरगळल्यावर कुरकुरीत मोडली पाहिजेत. वाकली, चिवट लागली तर त्यांत ओल आहे आणि ती ओलच नंतर तेल खराब करते. पावसाळ्यात हे तेल करू नये ते यासाठीच, फेब्रुवारी-मार्चचे दिवस उत्तम. काचेची बरणी पूर्ण कोरडी करा, फुलं चुरून तिच्यात घाला, वर तेल ओता. पातेल्यात तळाला जुनं फडकं घालून त्यावर बरणी ठेवा, पाणी बरणीच्या निम्म्यापर्यंत, गॅस अगदी मंद. पाण्याला उकळी येऊ द्यायची नाही. बरणीला बाहेरून हात लावला तर धरवेल न धरवेल इतपतच गरम हवी. असं तीन तास. मधूनमधून कोरड्या चमच्याने हलवा, आणि झाकणावर वाफेचे थेंब दिसले तर ते पुसून काढा, आत पडू देऊ नका. मग सुती फडक्यातून गाळा. शेवटचा गाळ पिळण्याचा मोह होतो, पण तो पिळू नका, राहिलेली ओल तिथेच असते. रात्रभर स्थिर ठेवून वरचं निवळ तेल दुसऱ्या बाटलीत काढा.

आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याची रीत वेगळी: एक भाग कल्क (औषधीचं ओलं वाटण), चार भाग तेल, सोळा भाग पाणी किंवा काढा, आणि पाणी आटेपर्यंत मंद आच. तेलावर फेस येऊ लागला, कल्काची वात वळता आली आणि ती विस्तवावर तडतडली नाही की तेल झालं. पुष्कळ औषधांना ही रीत उत्तम आहे. पण बाबूनाचा बराचसा गुण वाफेबरोबर उडणारा आहे, आणि सोळा भाग पाणी आटवताना तो स्वयंपाकघरभर जातो. म्हणून या फुलासाठी मंद उष्णतेवर मुरवणंच बरं वाटतं.

बाळाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. होमिओपॅथीत दात येताना कॅमोमिला देतात, ते ऐकून लोक बाटलीतलं तेल हिरडीला लावतात. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. होमिओपॅथीच्या गोळ्या अत्यंत विरळ केलेल्या असतात, हे तेल अत्यंत दाट. हिरडीवरून ते थेट पोटात आणि श्वासात जातं. बाळगुटीत नको, शेगडीवरच्या धुरीत ओव्या-वावडिंगाबरोबर नको, चहा करून मधाबरोबर चाटवणंही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच द्यायचा नसतो. हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी हलकेच चोळा, किंवा ओलं स्वच्छ फडकं थंड करून चावायला द्या. ताप शंभरच्या वर गेला किंवा जुलाब सुरू झाले तर ते दातांमुळे म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. मालिशला साधं खोबरेल पुरेसं आहे. आणि त्या खोबरेलात कापूर घालून छातीला चोळायची सवय घरात असेल तर तीही सोडा, कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना पुढची आहे. कॅमोमाइल, शेवंती, झेंडू आणि गाजर गवत ही एकाच कुळातली. ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो ते खानापूरपासून चिकोडीपर्यंत बांधाबांधावर, रस्त्याकडेला माजलेलं असतं, आणि शेतात राबणाऱ्या कितीतरी जणांना त्याचा त्रास आहे. पापण्या, मान, कोपराची घडी अशी खाज सुटते, त्वचा जाड आणि काळपट होत जाते. अशा माणसाला कॅमोमाइलनेही पुरळ उठू शकतं. त्यातही मुरवलेल्या बाबूना तेलाचा किंवा फुलांच्या लेपाचा धोका अर्क तेलापेक्षा जास्त, कारण ॲलर्जी आणणारी लॅक्टोन द्रव्यं वाफेबरोबर फारशी येत नाहीत, पण तेलात मुरताना उतरतात. नैसर्गिक आणि घरचं म्हणून बाबूना तेल निर्धोक, हा समज इथे उलटा पडतो. गाजर गवताची खाज असलेल्यांनी दोन्ही टाळावं. इतरांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर एक टक्क्याचं तेल सकाळ-संध्याकाळ चार दिवस लावून बघावं. एका दिवसात थांबू नका, कारण हे पुरळ बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. डोळे चुरचुरतात म्हणून कॅमोमाइलच्या चहाने डोळे धुण्याचा उपाय कुणी सांगितला तर करू नका, त्याने डोळे लाल होऊन सुजल्याच्या नोंदी आहेत.

सर्दीत वाफारा घ्यायचा असेल तर तेलापेक्षा फुलंच सुरक्षित. घमेल्यात किंवा तपेलीत गरम पाणी, त्यात मूठभर फुलं, डोळे मिटून पाच-सात मिनिटं. तेल घालायचंच तर एकच थेंब, आणि निलगिरीबरोबर मिसळून नको. दोन्हींची धग एकदम नाकात भरते आणि खोकल्याची उबळ येते. लहान मुलांना गरम पाण्याच्या भांड्याजवळ बसवूच नका, वाफारा घेताना मुलं भाजल्याचे प्रकार होतात.

साठवण नीट केली नाही तर चांगलं तेलही वाया जातं. अर्क तेल गडद तपकिरी काचेत, टोपण घट्ट, गॅसच्या ओट्यापासून लांब, शक्यतो फ्रिजच्या दारात, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीत ओतू नका. बाटली उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून लावा, दीड-दोन वर्षांनी ते त्वचेसाठी वापरणं बंद करा. जर्मन तेल जुनं होताना स्वतःच सांगतं: निळ्याचं हिरवं होतं आणि मग तपकिरी. तपकिरी झालेलं अंगाला लावू नये, जुनं हवा लागलेलं तेल ताज्यापेक्षा जास्त चुरचुरतं. घरचं बाबूना तेल सहा महिन्यांत संपवा. खवट वास आला किंवा तळाशी बुरशीचा धागा दिसला तर सगळं टाकून द्या, वरचं निवळ वाटलं तरी.

तुमच्या बाटलीवर शास्त्रीय नाव आहे का ते आजच बघा. नसेल तर परत करता येते का विचारा. परत घेत नसतील तर ती कागदाच्या चाचणीनंतरही फक्त कापसावरच्या एका थेंबापुरती ठेवा, आणि झोपेसाठी ५० ग्रॅम चांगली फुलं घ्या.